पिप नकार देतं तेव्हा: लिनक्सवर पायथनचं सॉफ्टवेअर वेगळं कसं ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटू २४.०४ वर पिप या पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलने 'पिप इन्स्टॉल' केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. कुणीतरी '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' जोडायला सांगितलं, ते सुडो (ॲडमिनचे हक्क देणारी कमांड) लावून केलं आणि दोन-तीन पॅकेजेस बसलीही. आता वायटी-डीएलपी हे व्हिडिओ डाउनलोड करायचं टूल हवं आहे, शिवाय पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी वापरून लिहिलेली एक स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालवायची आहे. सगळे म्हणतात व्हीएन्व, म्हणजे प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा, वापरा. मग दर वेळी ॲक्टिव्हेट करत बसायचं का, क्रॉनमध्ये ते कसं जमवायचं, आणि आधी सुडोने जे बसवलं त्याचं काय करायचं?

खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत, सगळ्या स्मॉल लिपीत टाइप करायच्या. व्हेरिएबलची नावं मात्र कॅपिटलमध्ये.

आधी ती एरर नेमकं काय सांगते ते पाहू, कारण तिला चुकवायची वाट शोधण्यातच बहुतेकांचा वेळ जातो. लिनक्समधला '/युएसआर/बिन/पायथन३' तुमच्यासाठी ठेवलेला नसतो, तो सिस्टिमचा असतो. उबुंटूत यूएफडब्ल्यू, अनअटेंडेड-अपग्रेड्स, ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी अशी बरीच टूल्स त्याच पायथनवर चालतात आणि त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या ॲप्ट हे उबुंटूचं पॅकेज टूल बसवतं. पिपला ॲप्टचा हिशेब कळत नाही, ॲप्टला पिपचा कळत नाही. दोघांनी एकाच घरात सामान लावलं की आज ना उद्या भांडण ठरलेलं. म्हणून पेप ६६८ नावाचा नियम आला. वितरणाने (उबुंटू, डेबियन वगैरेंनी) पायथनच्या फोल्डरमध्ये एक खूण-फाइल ठेवायची आणि पिपने ती पाहून थांबायचं. पिपमध्ये ही सोय २०२३ च्या सुरुवातीला २३.० आवृत्तीत आली, उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून ती प्रत्यक्ष जाणवायला लागली. त्यामुळे त्याआधीच्या ट्युटोरियलमध्ये सरळ चालणारी कमांड आज अडते. ट्युटोरियल चुकीचं नव्हतं, आता जुनं झालं आहे.

म्हणजे खरा प्रश्न 'पिपला गप्प कसं करायचं' हा नाहीच. हे पॅकेज तुम्हाला कशासाठी हवं आहे, यावर उत्तर ठरतं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गरजा आहेत आणि दोघींना एकच औषध लागू पडत नाही. वायटी-डीएलपी तुम्हाला फक्त चालवायचं आहे, त्याचा कोड तुमच्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करायचा नाही. पांडाज मात्र तुमच्या स्क्रिप्टला इम्पोर्ट करायचं आहे.

नुसतं चालवायच्या टूलसाठी पिपएक्स वापरा.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पिपएक्स
पिपएक्स एन्शुअरपाथ
पिपएक्स इन्स्टॉल वायटी-डीएलपी

पिपएक्स प्रत्येक टूलसाठी पडद्याआड स्वतंत्र व्हीएन्व बनवतं आणि त्यातल्या कमांडची लिंक '~/.लोकल/बिन' मध्ये ठेवतं. ॲक्टिव्हेट वगैरे काही करावं लागत नाही. दोन टूल्सना एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या तरी त्यांची गाठ पडत नाही. इथे पहिल्यांदा अडतं ते 'कमांड नॉट फाउंड' वर: 'एन्शुअरपाथ' पाथची (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीची) ओळ शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये लिहितं, पण आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला ती माहीत नसते. नवं टर्मिनल उघडा, तरीही जमलं नाही तर एकदा लॉगआउट करून परत या. आणखी एक, 'पिपएक्स इन्स्टॉल पांडाज' केलंत तर पिपएक्स तक्रार करेल की या पॅकेजमध्ये चालवण्याजोगी कमांडच नाही. ते बरोबरच आहे, लायब्रऱ्या पिपएक्सच्या कक्षेत येत नाहीत. अपडेटसाठी 'पिपएक्स अपग्रेड-ऑल'.

वायटी-डीएलपी ॲप्टमध्येही आहे, मग तिथूनच का घेऊ नये? एरवी मी ॲप्टच आधी बघायला सांगेन: जे वितरणाकडून मिळतं आणि ज्याची जुनी आवृत्ती चालते, ते तिथूनच घ्यावं. पण या टूलचा स्वभाव वेगळा आहे. वेबसाइट्स बदलतात तसं त्याला बदलावं लागतं, आणि एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) उबुंटूतली प्रत जिथल्या तिथे राहते. काही महिन्यांत ती डाउनलोडच करेनाशी होऊ शकते.

आता पांडाजची स्क्रिप्ट. इथे व्हीएन्व. डेबियन आणि उबुंटूत पायथनचे तुकडे करून वेगवेगळी पॅकेजेस केलेली असतात, त्यामुळे हा भाग आधी वेगळा बसवावा लागतो:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हीएन्व

हे केलं नाही तर पुढची कमांड 'एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल' म्हणून थांबते. वैताग असा की थांबण्याआधी ती अर्धवट फोल्डर बनवून ठेवते, आणि त्यात पिप नसतं. त्यामुळे पॅकेज बसवल्यावर तो अर्धा फोल्डर आधी पुसा, मग नव्याने करा. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पायथन३ -एम व्हीएन्व .व्हीएन्व
.व्हीएन्व/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज

झालं. ॲक्टिव्हेट न करताच पांडाज योग्य जागी बसलं, हे इथे लक्षात घ्या.

ॲक्टिव्हेट हा शब्द मोठा वाटतो म्हणून त्याभोवती गूढ तयार झालं आहे. ती एक छोटी शेल स्क्रिप्ट आहे. तुमच्या पाथच्या सुरुवातीला '.व्हीएन्व/बिन' जोडायचा, 'व्हर्च्युअल_एन्व्ह' नावाचं व्हेरिएबल भरायचं आणि प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दाखवायचं, एवढंच तिचं मुख्य काम. ती सध्याच्याच शेलमध्ये बदल करते म्हणून 'सोर्स' लावून चालवावी लागते. नुसती चालवली तर वेगळ्या शेलमध्ये बदल होतो आणि तिथेच संपतो. एन्व्हायर्नमेंट खरं ओळखलं जातं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. पायथन सुरू होताना आपल्या फाइलच्या शेजारी किंवा एक पायरी वर 'पायव्हीएन्व.सीएफजी' आहे का ते बघतो. सापडली तर त्याच फोल्डरमधलं 'साइट-पॅकेजेस' वापरतो. म्हणून '.व्हीएन्व/बिन/पायथन' कुठूनही, कसाही चालवा, तो आपली पॅकेजेस बरोबर शोधतो. ॲक्टिव्हेट ही हाताने काम करताना टायपिंग वाचवायची सोय आहे. दिवसभर त्याच प्रकल्पात बसणार असाल तर जरूर करा, बाहेर पडायला 'डीॲक्टिव्हेट'.

क्रॉनचं उत्तर यातूनच मिळतं: ॲक्टिव्हेट करूच नका, पूर्ण पाथ, म्हणजे व्हीएन्वमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता, द्या. रात्री अडीचला चालवायचं तर क्रॉनटॅबमधली ओळ अशी होईल:

३० २ * * * सीडी /होम/नाव/अहवाल && /होम/नाव/अहवाल/.व्हीएन्व/बिन/पायथन अहवाल.पीवाय >> लॉग.टीएक्सटी २>&१

सुरुवातीचा 'सीडी' महत्त्वाचा आहे. क्रॉन तुमच्या होम फोल्डरमध्ये उभं राहून काम सुरू करतं, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये 'डेटा.सीएसव्ही' असा नुसता उल्लेख असेल तर ती फाइल सापडत नाही आणि माणूस व्हीएन्वला दोष देत बसतो. शेवटचा भाग एरर लॉगमध्ये टाकतो. तो नसेल तर रात्री काय बिघडलं ते सकाळी कळायला मार्ग नाही. ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल, बहुधा तारखेसाठी ते येतंच, तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर क्रॉन त्याला नवी ओळ समजतं. पुढेमागे सिस्टिमडीची (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस केलीत तर 'एक्झेकस्टार्ट' मध्येही हाच पूर्ण पाथ जातो.

सुडो आणि व्हीएन्व मात्र एकत्र आणू नका. ॲक्टिव्हेट केलेल्या टर्मिनलवर 'सुडो पिप इन्स्टॉल' केलं की उबुंटूतला सुडो स्वतःचा ठरलेला पाथ लावतो, तुमचा बदललेला पाथ गळून पडतो आणि सिस्टिमचं पिप चालतं. प्रॉम्प्टवर कंसातलं नाव दिसत असतं, म्हणून चूक लक्षातही येत नाही. उलट 'सुडो .व्हीएन्व/बिन/पिप' असं थेट पाथने केलं तर पॅकेज जागेवर बसतं, पण फाइली रूटच्या (ॲडमिनच्या) मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी साधं अपडेट 'परमिशन डिनाइड' वर अडतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या व्हीएन्वला सुडो कधीच लागत नाही. लागतोय असं वाटलं तर त्याआधी काहीतरी बिनसलं आहे.

नुसतं 'पिप' न लिहिता 'पायथन -एम पिप' लिहायची सवयही याचसाठी. ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेज जातं, कोणतं पिप चाललं हा वाद उरत नाही. तरी शंका आली तर 'पायथन -एम पिप --व्हर्जन' करा, ते आपला पूर्ण पाथ छापतं. ॲक्टिव्हेट करूनही सिस्टिमचाच पायथन चालत असेल तर '.बॅशआरसी' मध्ये पायथनचा एलियस (कमांडचं ठरवून दिलेलं दुसरं नाव) केलेला आहे का बघा. शेल एलियस आधी बघतं आणि पाथ नंतर, त्यामुळे ॲक्टिव्हेटचा काही उपयोग होत नाही.

व्हीएन्व कुठे ठेवायचा हे थोडं सवयीवर आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच '.व्हीएन्व' नावाने ठेवावा, एडिटरही तो आपोआप ओळखतात. गिट वापरत असाल तर '.गिटइग्नोर' मध्ये त्याचं नाव घाला. (पायथन ३.१३ पासून व्हीएन्व स्वतःच आत तशी फाइल ठेवतो, पण तुमच्या २४.०४ वर ३.१२ आहे.) एक्सफॅट किंवा फॅट३२ असलेल्या पेनड्राइव्हवर ठेवू नका, तिथे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) होत नाहीत आणि व्हीएन्व बनतानाच मोडतो.

आणि तो फोल्डर हलवू नका, त्याचं नाव बदलू नका, दुसऱ्या मशीनवर कॉपी करू नका. 'बिन' मधल्या पिपसारख्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्याच ओळीत पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. वरच्या फोल्डरचं नाव 'अहवाल' चं 'अहवाल२' केलं की तो पाथ खोटा ठरतो आणि 'बॅड इंटरप्रिटर' अशी एरर येते. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. व्हीएन्व ही जपून ठेवायची वस्तू नाहीच. पुसायचा, पुन्हा बनवायचा, दोन मिनिटांचं काम. जपायची ती पॅकेजेसची यादी.

यादी दोन प्रकारे ठेवता येते. 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' मध्ये तुम्ही स्वतः मागितलेली नावं हाताने लिहा, तुमच्या बाबतीत सध्या एकच ओळ होईल. 'पिप फ्रीझ' जी यादी देतं तिच्यात पांडाजबरोबर आलेलं नमपाय वगैरे सगळं नेमक्या आवृत्तीसकट येतं. रोज रात्री निमूट चालायच्या स्क्रिप्टसाठी ही दुसरी यादीही वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पुन्हा बनवलेला व्हीएन्व कालच्यासारखाच वागेल. पण फक्त फ्रीझवर राहू नका. वर्षभराने त्यातली कोणती ओळ तुम्ही मागितली होती आणि कोणती तिच्यासोबत आपोआप आली, हे ओळखू येत नाही.

पुसून पुन्हा बनवायची वेळ नक्की येते ती उबुंटूची आवृत्ती वाढवल्यावर. २२.०४ मध्ये पायथन ३.१० होता, २४.०४ मध्ये ३.१२ आहे. व्हीएन्वमधला पायथन म्हणजे सिस्टिमच्या पायथनची सिमलिंक. अपग्रेडनंतर ती नव्या पायथनकडे बघते. पॅकेजेस मात्र 'लिब/पायथन३.१०' मध्येच पडून राहतात. मग काल चालणारी स्क्रिप्ट 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणते. व्हीएन्व नव्याने करा, पिपएक्सच्या टूल्ससाठी 'पिपएक्स रीइन्स्टॉल-ऑल' चालवा. याच टप्प्यावर जुनी पॅकेजेस 'डिस्टयुटिल्स' सापडत नाही म्हणून रडतात, कारण पायथन ३.१२ मधून ते काढलंय आणि नव्या व्हीएन्वमध्ये सेटअपटूल्सही आपसूक येत नाही. आधी त्या पॅकेजची नवी आवृत्ती आहे का ते बघा. नसेल तर सेटअपटूल्स वेगळं बसवून बहुतेकदा निभावतं.

एखाद्या पॅकेजला पायथनची दुसरीच आवृत्ती हवी असेल तर ती शेजारी बसवा. उबुंटूत डेडस्नेक्स पीपीए (पायथनच्या इतर आवृत्त्या देणारा बाहेरचा साठा) आहे, किंवा युव्ही हे टूल 'युव्ही पायथन इन्स्टॉल' ने स्वतंत्र पायथन उतरवून देतं. मग त्या आवृत्तीने व्हीएन्व बनवा. '/युएसआर/बिन/पायथन३' ची लिंक मात्र नव्या आवृत्तीकडे वळवू नका, अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरूनही नाही. ॲप्टची पायथन मॉड्यूल्स ठरावीक आवृत्तीसाठी कंपाइल केलेली असतात. लिंक फिरवली की 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी' सुरू होतं आणि ग्नोम टर्मिनलसुद्धा उघडायचं थांबू शकतं.

इन्स्टॉल करताना लांबलचक लाल मजकूर आला तर शेवटून वाचत वर जा. 'पायथन.एच' फाइल नाही असं असेल तर पॅकेजची तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेली प्रत) मिळाली नाही आणि पिप सोर्समधून कंपाइल करू पाहतंय: 'बिल्ड-एसेन्शियल' आणि 'पायथन३-डेव्ह' ॲप्टने बसवा. 'पीजी_कॉन्फिग' सापडत नसेल तर 'लिबपीक्यू-डेव्ह'. पण त्याआधी स्वतःला विचारा, व्हील का नव्हती? बहुतेकदा पायथन फार नवा असतो किंवा मागितलेली आवृत्ती फार जुनी असते. आवृत्ती बदलून पाहणं कंपाइलपेक्षा स्वस्त. जागा संपल्याची एरर आली आणि डिस्क तर रिकामी दिसतेय, तर '/टीएमपी' तपासा. काही सिस्टिमवर ती मेमरीत असते आणि पायटॉर्चसारखं अवजड पॅकेज तिथे मावत नाही. 'टीएमपीडीआयआर' व्हेरिएबलला डिस्कवरचा फोल्डर द्या.

काही गोष्टी पिपने नीट मिळतच नाहीत. ॲप्टचं स्वतःचं पायथन मॉड्यूल त्यातलंच, आणि जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीसाठीचं 'जीआय' ॲप्टने घेणंच सोपं. अशा वेळी व्हीएन्व बनवताना '--सिस्टिम-साइट-पॅकेजेस' द्या, म्हणजे सिस्टिमची पॅकेजेस आतून दिसतात आणि तुम्ही पिपने बसवलेलं त्यांच्या आधी लागतं. गरज नसताना देऊ नका, वेगळेपण निम्मं जातं. व्हीएन्वच्या आत काहीतरी भलतीच आवृत्ती दिसत असेल तर 'पायथनपाथ' व्हेरिएबल भरलेलं आहे का बघा. ते व्हीएन्वच्या भिंती मानत नाही. आरओएस (रोबोटिक्सचं सॉफ्टवेअर) बसवलेल्या मशीनवर हे हमखास होतं.

भिंतींचा विषय निघालाच आहे तर, व्हीएन्व पॅकेजेस वेगळी ठेवतो, कोडला कोंडत नाही. आत बसवलेलं पॅकेज तुमच्या होम फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचू शकतं, आणि सोर्समधून बसताना तर बसण्याच्या वेळीच कोड चालवतं. नावातलं एक अक्षर चुकलं आणि भलतंच पॅकेज आलं तर व्हीएन्व वाचवणार नाही. भरवसा नसलेला कोड चालवायचा असेल तर कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या.

आता राहिलं सुडोने बसवलेलं. ते काढाच, आणि ते अवघड नाही. उबुंटूत सुडो पिपने बसवलेली पॅकेजेस '/युएसआर/लोकल/लिब/पायथन३.१२/डिस्ट-पॅकेजेस' मध्ये जातात, ॲप्टची '/युएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस' मध्ये असतात. म्हणजे ॲप्टच्या फाइली पुसल्या गेलेल्या नाहीत. पायथन लोकलमधलं आधी बघतो, म्हणून त्या झाकल्या गेल्यात इतकंच. काय काय बसलंय ते बघा:

पायथन३ -एम पिप लिस्ट --पाथ /युएसआर/लोकल/लिब/पायथन३.१२/डिस्ट-पॅकेजेस

तुम्ही दोन-तीन पॅकेजेस मागितली असली तरी यादी लांब दिसेल, कारण प्रत्येकाने आपली लायब्ररी सोबत आणलेली असते. दुसऱ्या कुणी मुद्दाम काही ठेवलेलं नसेल तर ती सगळी एकेक करून काढायची:

सुडो पायथन३ -एम पिप अनइन्स्टॉल --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस पॅकेजचंनाव

हा पर्याय वापरण्याची एवढी एकच वेळ मला पटते. सुडो न लावता बसवलेलं काही असेल तर ते '~/.लोकल/लिब/पायथन३.१२' मध्ये सापडेल. 'पिप लिस्ट --युझर' ते दाखवतं, आणि ते काढताना सुडो लागत नाही. पुसण्याचा क्रम चुकला तरी बिघडत नाही, पण आधी पिपएक्स आणि व्हीएन्वची मांडणी पूर्ण करा, क्रॉनची ओळ एका रात्री चालून लॉगमध्ये दिसू द्या, आणि मग साफसफाईला हात घाला. शेवटी सिस्टिमच्या पायथनमध्ये 'रिक्वेस्ट्स' इम्पोर्ट करून त्याचं 'डंडर फाइल' (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं 'फाइल', ते पॅकेजचा पाथ सांगतं) छापून बघा. पाथ '/युएसआर/लिब' ने सुरू झाला तर ॲप्टची प्रत पुन्हा उघडी पडली आहे.